आढे शाबूत, पाय भिजलेले: घाटातल्या एका घराची पावसाआधीची शाकारणी

काकींचा फोन आला तेव्हा काजूचा हंगाम भरात होता आणि घरदुरुस्तीच्या कामावरचे माझे चारही गडी सकाळी बागांत बोंडू वेचायला जात होते. 'घर पडतंय असं वाडीतले सांगतात. तू एकदा बघून ये रे बाबा. राखण्यासारखं असेल तर सांग, नसेल तर तेही सांग,' एवढेच त्या बोलल्या. काकी वाळपईला राहतात, वय पंच्याहत्तरीपुढचे. घर त्यांच्या सासरचे, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात चोर्ला घाटाच्या अंगाला, म्हादई अभयारण्याच्या हद्दीला लागून असलेल्या वाडीत. वाडीचे नाव देत नाही. घर बंद असते आणि जुन्या कौलांना गिऱ्हाईक असते.

14 एप्रिल 2025ला मी आणि मेस्त, म्हणजे आमचे सुतार, वर गेलो. गाडी थांबते तिथून सव्वा किलोमीटर पायवाट, वाटेत दोन व्हाळ, म्हणजे ओढे. एप्रिलात कोरडे, जुलैत कमरेएवढे. म्हणजे जे न्यायचे ते डोक्यावरून, आणि जून लागला की तेही नाही. थंड मुलुखात डोंगरातले घर बर्फ पडायच्या आत आवरतात. आमच्याकडे थंडीचे काय, डिसेंबरात घाटात रात्री एक गोधडी जास्त लागते. आमची मुदत पावसाची. वाळपईला एका मोसमात चार हजार मिलिमीटर पडला तर कोणाला नवल वाटत नाही. जुनी माणसे अजून इंचांत बोलतात, 'दीडशे झाले' म्हणतात.

घर नऊ मीटर बाय सात मीटर. पुढे सोपा (ओसरी), मध्ये माजघर आणि दोन खोल्या, मागे उतरत्या छपराची रांदचीकूड (स्वयंपाकघर), बाजूला न्हाणी आणि गोठा. चिऱ्यांचे जोते, त्यावर दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंती, वर मंगळुरी कौले. काका 2016 साली गेले. त्यानंतर नऊ पावसाळे घर बंद.

वाडीतल्यांनी पाहिले होते ते मागच्या पाख्यातले, म्हणजे छपराच्या मागच्या उतारातले, भगदाड. खालून आभाळ दिसत होते, तुटलेल्या रिपा लोंबत होत्या. घर पडतंय ते यावरूनच. मेस्त माळ्यावर चढले, वाकसाच्या पाठीने आढ्यावर, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या मुख्य लाकडावर, ठोकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि वरूनच ओरडले, 'आढे शाबूत आसा!' किंदळाचे लाकूड, त्याला काही झाले नव्हते. छत्तीस वाशांपैकी चौदांची वळचणीकडची टोके कुजली होती, बाकी अंग घट्ट. मी तोवर खाली मागच्या भिंतीत खिळा दाबून बघत होतो. जमिनीपासून फूटभर उंचीवर चार इंची खिळा हाताच्या जोराने दोन इंच आत गेला. हातोडी नव्हे, अंगठा.

भिंतीचे पाय

मातीची भिंत ओली होते यात नवे काही नाही. जमिनीतली ओल दर पावसाळ्यात थोडी वर चढते आणि उन्हाळ्यात भिंतीच्या अंगातून उडून जाते. शेणमातीचे सारवण आणि चुन्याचा हात तिला अडवत नाहीत. या घरात दहा-बारा वर्षांपूर्वी कोणी तरी 'पक्के काम' म्हणून आतून-बाहेरून तीन फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा चढवला होता. कोणी केले ते विचारून उपयोग नव्हता. त्या काळात सगळेच करत होते, आणि करणाऱ्याची नियतही चांगली होती. पण ओल गिलाव्याच्या मागे कोंडली, वर चढत गेली आणि गिलावा संपतो त्या रेषेवर लोणा, म्हणजे क्षाराचा पांढरा थर, फुटला. गिलावा वाजवला की बद्द आवाज येत होता. आतली माती केव्हाच सुटली होती आणि बाहेर सिमेंटचे कवच तेवढे उभे होते.

मागच्या बाजूने आणखी एक गोष्ट. घराच्या वरच्या अंगाला उतार आहे. नऊ वर्षांत कोणी पाने झाडली नाहीत, चर साफ केला नाही. वरून आलेली माती आणि कुजका पाचोळा साचून मागची जमीन जोत्याच्या वर नऊ इंच आली होती. म्हणजे पावसाळाभर मातीची भिंत थेट चिखलात उभी राहायची. 23 जुलै 2021च्या पुरात सत्तरीतली बरीच मातीची घरे बसली. त्यांतली काही मी नंतर पाहिली आहेत. छपरे जवळजवळ धड होती. भिंती पायातून विरघळल्या आणि छप्पर अख्खे खाली आले, टोपी डोक्यावरून घसरून पडावी तसे.

म्हणून त्या संध्याकाळी काकींना सांगितले, की घर राखण्यासारखे आहे, पण काम छपरापासून सुरू करायचे नाही. फोनवर थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग त्या म्हणाल्या, 'आभाळ दिसतंय म्हणून मी तुला बोलावलं आणि तू जमीन खणायला निघालास?'

पत्रे, कौले आणि अकरा सह्या

घर एकट्या काकींचे नाही. 1867च्या पोर्तुगीज नागरी कायद्याने गोव्यात नवरा-बायकोचे अर्धे-अर्धे आणि पुढे प्रत्येक मुलामुलीचा वाटा ठरत आला. तीन पिढ्यांत एका घराला अकरा मालक होतात आणि कौल सरकले तर कोणी सरळ करायचे हे कोणालाच कळत नाही. गोव्यातली जुनी घरे पावसाने पडतात असे आपण म्हणतो. बरीचशी वाटण्या न झाल्याने पडतात. इथे निदान भांडण नव्हते. नकाशा न बदलता करायची दुरुस्ती म्हणून पंचायतीकडचे काम आठवड्यात आटोपले.

मुंबईच्या पुतण्याचे म्हणणे होते, वरून रंगीत पत्रे टाकून मोकळे व्हा. सहा दिवसांचे काम. ही सूचना मी हसण्यावारी नेली नाही. सपाटीवर, दारात टेम्पो येतो अशा ठिकाणी मी स्वतः पत्रे घातले आहेत. पण बारा फुटी पत्रा सव्वा किलोमीटर जंगलवाटेने दोन माणसांनी न्यायचा, त्याला लोखंडी खांब उभे करायचे, आणि ते सगळे घाटातल्या वाऱ्यात सोडून यायचे. मे 2021च्या तौक्ते वादळात उडालेले पत्रे मी लोकांच्या कुळागरांत (सुपारी-नारळाच्या बागांत) जाऊन गोळा केले आहेत. शिवाय पत्र्याने भिंतीचे पाय सुकणार नव्हतेच.

कौलांचा प्रश्न मात्र खरा होता. पाख्यांचे क्षेत्र शंभर चौरस मीटरच्या थोडे वर. चौरस मीटरला साधारण पंधरा कौले धरली तर साडेपंधराशे. त्यांतली 390 फुटलेली किंवा भेगाळलेली. अख्खे छप्पर नव्या कौलांनी करायचे तर अडीच किलोच्या हिशेबाने जवळजवळ चार टन ओझे, एका खेपेला बारा कौले धरून सव्वाशेच्या वर खेपा. गड्यांअभावी ते शक्यच नव्हते. फक्त फुटक्यांच्या जागी नवी घालावीत तर ती बसत नाहीत. 1865 साली मंगळुरूला नेत्रावतीच्या काठी बासेल मिशनने हा धंदा सुरू केल्यापासून किती कारखान्यांनी कौले पाडली, पण प्रत्येकाची खाच आणि लांबी केसाने वेगळी. एका पाख्यावर दोन छापांची कौले मिसळली की रिपांचे अंतर जुळत नाही आणि पाणी त्या फटीतूनच वाट काढते.

उत्तर मेस्तांनी काढले, ते मला आवडले नाही आणि काकींना तर मुळीच नाही. रांदचीकूड घराच्याच वर्षी बांधलेली, कौलांवर तोच छाप. तिची भिंत सर्वांत वाईट होती. ती राखायला लागणाऱ्या दिवसांत बाकी घर राहून गेले असते. ती उतरवायची आणि तिची कौले, वासे, धडक्या रिपा मुख्य छपरावर चढवायच्या.

काकी त्या रांदचीकुडीत लग्न होऊन आल्या होत्या. त्यांनी दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी फोन करून म्हणाल्या, 'चूल आणि उखळीचा दगड तेवढा हलवू नका.' 540 कौलांपैकी 415 चांगली निघाली. हवी होती 390. इतका जुळलेला हिशेब माझ्या कामात पुन्हा जमेल असे वाटत नाही.

वासेही तिथूनच आले, आणि ते आले नसते तर अडले असते. गोव्यात झाड स्वतःच्या जमिनीतले असले तरी 1984च्या वृक्ष संरक्षण कायद्याने परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि इथे तर शेजारी अभयारण्य. रानात उभा असलेला किंदळ बघत बसायचा आणि जुन्याचा तुकडा जोडायचा, एवढेच हाती.

तेहतीस दिवस

17 एप्रिलला काम सुरू झाले. माझा अंदाज 5 जूनचा होता, म्हणजे हाती सात आठवडे. गडी अकराला यायचे. सकाळ काजूची, दुपार माझी, आणि संध्याकाळी हुर्राकाची, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूची, वेळ झाली की कोणाला थांबवण्यात अर्थ नव्हता.

पहिला आठवडा फक्त चर. घराच्या मागे, भिंतीपासून सहा फूट वर, दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल चर खणून दोन्ही टोकांनी व्हाळाकडे काढून दिला. ढाळ पन्नास फुटांना एक फूट. तळाला जुन्या चिऱ्यांचे तुकडे. मग भिंतीला टेकलेली सगळी माती उपसून जोते उघडे केले. त्याच आठवड्यात दोघे जण छिन्नी-हातोडीने सिमेंटचा गिलावा उतरवत होते. उन्हाळ्याचा जास्तीत जास्त वेळ भिंतीला मिळायला हवा होता, म्हणून ही घाई. छपराच्या कामाला उन्हाची गरज नसते, भिंतीला सुकायला असते. भगदाडावर तोवर ताडपत्री.

आत रोज संध्याकाळी चूल पेटवली. वाडीतल्या एका आजीने पहिल्याच दिवशी सांगितले होते, 'धूर होता तोवर ह्या घराला किडा नव्हता.' आजी बरोबर होत्या. रोजच्या धुराने आणि उबेने माळ्यावरचे लाकूड कोरडे राहते. नऊ वर्षे चूल बंद, आणि भुंग्याची पिठी माळ्यावर बोटभर साचली होती. लाकडाला काजूच्या टरफलांच्या तेलाचे दोन हात दिले. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. हात लावणाऱ्यालाही ते सोडत नाही. एका गड्याच्या कोपरापर्यंत फोड आले आणि तो चार दिवस घरी बसला. मोजे दिले होते, घातले नव्हते.

भिंतीचा पाय बदलणे हे खरे जोखमीचे काम. छपराचा भार टेकूंवर घेतला आणि मागच्या भिंतीचा विरघळलेला भाग दोन-दोन फुटांचे तुकडे पाडून, एक आड एक, काढत गेलो. काढलेल्या जागी चिरा, आणि सांधे चुन्याचे. एक तुकडा भरून चार दिवस गेल्याशिवाय शेजारचा उघडायचा नाही. कळीचा चुना बेळगावहून आणून पहिल्याच दिवशी खड्ड्यात भिजत घातला होता. महिनाभर भिजायला हवा, आम्हाला बारा दिवस मिळाले. फुटक्या कौलांचा इथे उपयोग झाला. ती कुटून सुरखी केली. चुन्यात भाजक्या मातीची पूड मिसळली की तो ओलीतही धरतो. नुसता चुना हवेवर सुकत बसतो. उखळीचा दगड हलवायचा नव्हता, पण वापरू नका असे काकी म्हणाल्या नव्हत्या.

एकदाच छातीत धस्स झाले. पाचवा तुकडा काढताना वरून मुठीएवढी माती सुटली आणि टेकू कुरकुरला. सगळे बाहेर पळाले. मेस्त तसेच उभे राहिले, कान भिंतीकडे लावून. मग म्हणाले, 'बसला. आता हलचो ना.' मी त्या दिवशी काम बंद ठेवले.

कौले उतरवून, नारळाच्या सोडणाने शेवाळ घासून, बोटाने वाजवून पारखली. टण्ण वाजले तर वर, बद्द वाजले तर सुरखीत. कुजलेल्या चौदा वाशांची फक्त टोके कापून जोड दिले. वळचणीच्या खालच्या दोन ओळी तारेने रिपांना बांधल्या, घाटात वारा खालून कौल उचलतो म्हणून. रांदचीकूड गेल्याने मागची भिंत आता उघडी पडली होती. तिच्यावर सहा पत्र्यांचा उतार मारला. हो, पत्रेच. आठ फुटी, डोक्यावरून आणलेले. मुंबईच्या पुतण्याला फोटो पाठवला तेव्हा त्याने फक्त अंगठा पाठवला.

16 मेला कौले संपली. उरले कोने, म्हणजे आढ्यावरची ओळ. मेस्त म्हणाले, कोन्याला सिमेंट घाला. मी म्हणालो, या घरावर पुन्हा सिमेंट नको. तीन आठवडे मी गड्यांना, काकींना, पुतण्याला सिमेंटची निंदा ऐकवत होतो. आता वर चढून तेच कालवायचे माझ्या जिवावर आले. 17 आणि 18 मेला चुना-सुरखीत कोने बसवले.

20 मे आणि नंतर

त्या वर्षी मोसमी पाऊस केरळात 24 मेला आला, 2009 नंतर इतका लवकर कधी आला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो गोव्यात पोचला. पण आमच्यासाठी तारीख 20 मे. त्या दिवशी अरबी समुद्रातल्या चक्राकार वाऱ्यांमुळे जो पाऊस सुरू झाला तो मृगाचाच वाटावा असा. अवजारे खाली आणायलाही सवड मिळाली नाही. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, मिरची, सुके मासे वाळत घातलेले लोक गावभर धावत होते.

चुना दोन दिवसांचा. आढ्याच्या पश्चिमेकडच्या टोकाला चार मीटर लांबीतला मसाला धुऊन गेला, कोने सैल झाले आणि माजघरात धार लागली. 22 तारखेला पाऊस जरा ओसरल्यावर मेस्त आणि मी वर जाऊन त्या चार मीटरवर ताडपत्रीची पट्टी टाकली आणि दोन्ही बाजूंनी रेतीच्या पिशव्या बांधल्या. मेस्त एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

चूक चुन्याची नव्हती, माझ्या क्रमाची होती. भिंतीचा पाय ओलीत उभा असतो, त्याला श्वास लागतो, तिथे सिमेंटने घात केला. आढ्यावरच्या ओळीला असली काही गरज नाही. दोन दिवसांत घट्ट व्हावे एवढीच तिची अपेक्षा, आणि दोन दिवसच असतील तर तिथे सिमेंट चालले असते. नाही तर पुढचा पाखा पुरा झाल्यावर लगेच, मेच्या पहिल्या आठवड्यातच, कोने बसवायला हवे होते. मी ते शेवटचे म्हणून ठेवले, कारण शेवटी ठेवायची पद्धत आहे.

बाकीचे टिकले. जुलैत व्हाळ उतरून जाता येत नव्हते, म्हणून पहिली खरी तपासणी 10 ऑगस्टला झाली. चर पानांनी अर्धा भरला होता पण वाहत होता. मागच्या भिंतीत, त्याच उंचीवर, तोच खिळा दाबला. टोक रुतले, पुढे गेला नाही. पुढच्या दोन खोल्यांत बुरशी नव्हती. पूर्वेकडच्या एका कोपऱ्यात ओल होती, तिचे कारण अजून नीट कळलेले नाही. न्हाणीचे पाणी तिकडे जात असावे असा संशय आहे. वाडीतल्या आजी आठवड्यातून दोनदा चूल पेटवतात. त्याचे पैसे घ्यायला तयार झाल्या नाहीत, गोठ्यातली वाळलेली लाकडे घेतात.

खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा निव्वळ डोक्यावरच्या वाहतुकीत गेला. कौलांवर एक पैसा नाही.

27 ऑगस्टला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होती. नऊ वर्षे गणपती वाळपईला बसत होता, या वर्षी काकींनी हट्ट धरला, मूळ घरी. मूर्ती डोक्यावरून गेली, काकींना दोघांनी हात धरून व्हाळ ओलांडवले. दीड दिवस, सात माणसे. नैवेद्य उघड्यावरच्या जुन्या चुलीवर झाला, पत्र्यांखाली. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट, नेहमी माजघरातल्या तिसऱ्या आणि चौथ्या वाशाला बांधतात. यंदा तिथे वरून थेंब येत होता म्हणून ती दोन फूट अलीकडे बांधली, गणपतीच्या थोडी डाव्या बाजूला. आरतीनंतर काकींनी मान वर करून ताडपत्रीकडे पाहिले आणि मला विचारले, 'ह्या कोन्यांना आता चुना घालणार की सिमेंट?'

चुनाच. काम नोव्हेंबरात धरले आहे, कळी गेल्या आठवड्यात भिजत घातली.